मोसंबी आपली, मग हक्कच परके कसे?

संविधान दिनाचा कार्यक्रम होता, जालन्यातलाच. सभागृह कोणतं आणि वक्ते कोण, ते सांगत बसत नाही. भांडण माणसाशी नाही, त्याच्या म्हणण्याशी आहे, आणि तेच म्हणणं मी कित्येक वर्षं निरनिराळ्या तोंडून ऐकत आलोय. वक्ते बोलायला गोड. बाबासाहेबांना आधी मनापासून हात जोडले आणि मग सांगितलं, की महाडला 1927 साली जो हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला ती फ्रेंच राज्यक्रांतीची उसनवारी. शब्द तिकडचे, कल्पना तिकडच्या. आपल्या संतांनी समता सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवली होती, ती सोडून पॅरिसला जायचं काय कारण होतं? आणि तसंही महाड पडलं कोकणात, इंग्रजांच्या मुलखात. आपण निजामाच्या राज्यातले. आपला त्या चवदार तळ्याशी संबंध काय?

टाळ्या पडल्या. मग पाहुण्यांना मोसंबीचा रस दिला.

खरं तर उत्तर त्या पेल्यातच होतं. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आलं असं मानतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याचं नाव घेऊन आलेलं हे फळ आज 'जालना मोसंबी' म्हणून भौगोलिक मानांकन मिरवतं. अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागात कुणालाही विचारा, आंबे बहार कधी धरायचा, ताण किती दिवस द्यायचा, हे तो झोपेतून उठूनही सांगेल. 2012-13 च्या दुष्काळात बागा वाळल्या, झाडं तोडून सरपणाला गेली, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखे लोक रडले. त्या झाडाला कुणी विचारलं नाही, बाई, तू कुठली? आणि बागवानाला हेही ठाऊक असतं की मोसंबीचा डोळा भरतात तो जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर. खुंट चिवट हवा, मातीत मुरलेला हवा, नाहीतर डोळा कितीही अस्सल असो, वाळून जातो. मराठीत याला कलम म्हणतात. कायद्यातल्या तुकड्यालाही कलमच म्हणतात. हा योगायोग मला फार आवडतो.

आता महाड. 25 डिसेंबर म्हटलं की सगळ्यांना मनुस्मृती दहन आठवतं. शिव्या देणारे तेच सांगतात, जयजयकार करणारेही तेच. आग डोळ्यांत राहते, ठराव फाइलीत राहतो. पण त्या रात्री होम पेटण्याआधी त्याच मंडपात पहिला ठराव मंजूर झाला तो जन्मसिद्ध हक्कांच्या जाहीरनाम्याचा. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेला दहनाचा ठराव त्याच्या पाठोपाठ आला. जाहीरनाम्यात काय होतं? माणसं जन्मतः समान दर्जाची आहेत आणि मरेपर्यंत तशीच राहतील. सत्तेचा उगम लोकांत आहे. दुसऱ्याच्या तशाच हक्काला बाधा येत नाही तोवर प्रत्येकाला मोकळीक आहे. कायदा म्हणजे कुणा एका वर्गाची आज्ञा नाही, तो सगळ्यांच्या संमतीने व्हावा आणि सगळ्यांना सारखा लागू व्हावा. कायद्याने जे मना केलेलं नाही ते करायला कुणाला आडकाठी नसावी, म्हणून सार्वजनिक रस्ते, पाणवठे, देवळं वापरायला कुणी कुणाला अडवू नये.

यातलं बरंचसं 26 ऑगस्ट 1789 च्या फ्रेंच जाहीरनाम्याच्या अंगाने जातं, हे मी कशाला नाकारू? स्वातंत्र्याची व्याख्या, कायद्याची मर्यादा, सत्तेचा उगम, सगळं त्या सतरा कलमांच्या ओळखीचं आहे. आणि हे शोधून काढायला संशोधक लागत नाही. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच महाडच्या सभेची तुलना व्हर्सायच्या सभेशी केली होती. चोर काही आपल्या हाताने मालाची पावती दाखवत नाही.

उसनवारीचंच बोलायचं तर फ्रान्सवर हा आळ आधीच येऊन गेलाय. व्हर्सायच्या सभेत लाफायेतने जुलै 1789 मध्ये हक्कांचा मसुदा मांडला तेव्हा त्याचा सल्लागार होता थॉमस जेफरसन, अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा लेखक, त्या वेळी पॅरिसमधला अमेरिकेचा वकील. पुढे 1895 मध्ये येलिनेक या जर्मन विद्वानाने ग्रंथच लिहिला की फ्रेंचांनी हे सगळं व्हर्जिनिया वगैरे वसाहतींच्या हक्कपत्रांवरून घेतलं. 1902 मध्ये बूतमी या फ्रेंच गृहस्थाने चिडून त्याला उत्तर दिलं. म्हणजे पॅरिसने व्हर्जिनियाकडून घेतलं तर तो इतिहास, आणि महाडने पॅरिसकडून घेतलं तर ती नक्कल! आणखी एक सांगा. 'जन्मसिद्ध हक्क' हे दोन शब्द लोकमान्यांनी स्वराज्याला जोडले, तेव्हा ते ज्ञानेश्वरीत सापडले होते का? इंग्रजांच्या राजकारणातली कल्पना त्यांनी इंग्रजांवरच उगारली, आणि साऱ्या देशाने ती डोक्यावर घेतली. तेव्हा कुणी पावती मागितली नाही. तोच जन्मसिद्ध हक्क महाडच्या मंडपात पोचला, की लगेच त्याचं गाव आठवतं.

मग खुंट कोणता? तो इथलाच होता, आणि चांगला जून. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं ते पुण्यात बसून. 1873 मध्ये 'गुलामगिरी' काढलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या माणसांना. त्याआधी 1868 मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून ते मोकळे झाले होते. आधी हौद, मग ग्रंथ, हा क्रम ध्यानात घ्या. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात मानवी हक्कांची भाषा आहे आणि ती स्त्री-पुरुष दोघांचं नाव घेऊन आहे. फ्रेंच जाहीरनाम्यात मात्र नुसता 'पुरुष'च होता. ऑलँप द गूज या बाईने 1791 मध्ये स्त्रीच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला, आणि 1793 मध्ये क्रांतीवाल्यांनी तिचं मुंडकं उडवलं. तेव्हा फ्रेंच माल आहे तसा उचलून इथे चालणारच नव्हता. महाडच्याच परिसरातून आलेले गोपाळबाबा वलंगकर 1888 मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहीत होते. त्यांनी काही फ्रान्सची वारी केली नव्हती.

इथे एक जण हटकून उठतो आणि म्हणतो, अहो, बाबासाहेबच 1954 मध्ये आकाशवाणीवर म्हणाले की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नाही, बुद्धाकडून घेतली. मग खरं काय? दोन्ही खरं. 1927 मध्ये ते एका सभेला सांगत होते की तुम्ही जमलात ते कशासाठी, आणि अशी सभा जगात आधी कधी भरली होती. सत्तावीस वर्षांनी ते स्वतःच्या श्रद्धेचं मूळ सांगत होते. पहिलं पुढारपण, दुसरा आत्मशोध. 1954 चं वाक्य घेऊन 1927 खोडणारे आणि 1927 चं घेऊन 1954 खोटं पाडणारे, दोघेही जाहीरनामा न वाचता बोलतात असा माझा अनुभव आहे. (वक्त्यांनी दुसऱ्या प्रकारचं केलं. पहिल्या प्रकारचं करणारे आमच्या बाजूलाही पुष्कळ आहेत.)

पण या सगळ्यात खरा मुद्दा बाजूला पडतो. 1789 च्या सभेपुढे राजा उभा होता. महाडच्या मंडपापुढे कोण होतं? सरकार नव्हतं. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने 4 ऑगस्ट 1923 लाच सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसं असलेल्या महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळंही कागदोपत्री खुलं केलं. राजाची परवानगी होती, नगरपालिकेची होती, आणि तरी तीन वर्षांत ओंजळभर पाणी पिण्याची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि परतताना मार खाल्ला तो पोलिसांचा नाही, गावकऱ्यांचा. नंतर तळं 'शुद्ध' केलं तेही गावकऱ्यांनीच, घागरी घागरी पंचगव्य ओतून. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे हा हक्क मागायचा होता शेजाऱ्याकडून. राजाकडून हक्क घेण्याचा नकाशा फ्रान्सने दिला होता. गल्लीकडून, गावकीकडून, पाटलाच्या ओट्याकडून हक्क कसा घ्यायचा, त्याचा नकाशा फ्रान्सकडे नव्हता. त्या सतरा कलमांत विहीर नाही, पाणवठा नाही. महाडच्या जाहीरनाम्यात आहे.

तीच विहीर पुढे कुठे कुठे दिसते बघा. 1928 च्या नेहरू अहवालात सार्वजनिक विहिरी-रस्त्यांचा हक्क आहे, 1931 च्या कराची ठरावात आहे, आणि मग संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये: विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. सगळं श्रेय एकट्या महाडला द्या असं मी म्हणत नाही. पण राज्यघटनेत स्नानघाटाचा उल्लेख का येतो, हे ज्याला महाड ठाऊक नाही त्याला कधी कळणार नाही. त्या उपकलमात 'राज्याने भेदभाव करू नये' एवढ्यावर भागलेलं नाही. कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असं आहे. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम संविधान सभेने 29 नोव्हेंबर 1948 ला मंजूर केलं, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या अकरा दिवस आधी. आणि 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा 1976 पासून 'नागरी हक्क संरक्षण' कायदा झाला. नावातला गुन्हा गेला, हक्क आला.

आता संत. इथे मी जपून बोलणार आहे, कारण माझ्या घरात माळ आहे.

जालन्याहून देऊळगावराजाकडे निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर थोड्या अंतरावर मेहुणाराजा लागतं. चोखोबांचं जन्मगाव म्हणून हे गाव ओळखलं जातं. चोखोबांइतका विठ्ठल कुणी जवळ केला असेल? आणि त्यांची समाधी कुठे आहे? पंढरपूरला, महाद्वारासमोर, पायरीपाशी, बाहेर. चोखोबा मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेले ते चौदाव्या शतकात. ज्या देवळाच्या पायरीशी ते झोपले त्याचं दार त्यांच्या माणसांना उघडलं मे 1947 मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं! समता सांगितली होती, ऐकलीही होती, टाळ वाजवून गायलीही होती. दार मात्र बंदच. संतांचा यात दोष नाही. भक्तीने देवाकडे मागितलं, आणि देवाने दिलंही असेल. पण किल्ली बडव्यांकडे होती. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे भाव चालत नाही, हक्क सांगावा लागतो, चारचौघांत, ठराव करून, सह्या करून. वक्त्यांना संतांची समता पुरते, कारण त्यांना पायरीवर कुणी थांबवलेलं नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात फसवा, कारण तो आमच्या मराठवाडी अभिमानाला गोंजारतो. महाड तुमचं, आमचा निजाम वेगळा. निजामाच्या राज्यात हिंदू-मुसलमानांचा प्रश्न होता, हा नव्हता. असं?

1934 साल. महाड होऊन सात वर्षं झाली आहेत. बाबासाहेब तिन्ही गोलमेज परिषदांना जाऊन आलेत, पुणे करार होऊन दोन वर्षं होतायत. तीसेक सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची लेणी बघायला निघाले आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. जालन्याहून आज मोटारीने दीड-दोन तासांची वाट. रमजानचा महिना. प्रवासाच्या धुळीने सगळ्यांची तोंडं माखलेली. दरवाज्याजवळ काठोकाठ भरलेलं छोटं टाकं होतं, त्यावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत धावत आला: धेडांनी तळं बाटवलं. माणसं जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं की एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला पाणी द्याल की नाही, तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: वर कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. पाळत ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. हे सगळं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय.

महाडला परिषदेसाठी कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली होती. दौलताबादला अडवणारा मुसलमान होता. तेव्हा हे अमक्या धर्माचं नि तमक्या राजवटीचं म्हणून सोडून देता येत नाही. सरकार इंग्रजांचं असो की निजामाचं, पाणवठ्याच्या काठावर एकच कायदा होता. महाडचा जाहीरनामा त्या कायद्याच्या विरुद्ध होता, म्हणून तो जितका महाडचा तितकाच दौलताबादचा आणि जालन्याचा. आमच्या लोकांना हे वक्त्यांच्या आधी कळलं होतं. 30 डिसेंबर 1938 ला कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोऱ्यांनी परिषद भरवली, बाबासाहेब आले, आणि मराठवाड्यातली माणसं गाड्या जुंपून, पायी, तिथे पोचली. त्यांना कुणी समजावलं नव्हतं की कोकणातल्या तळ्याशी तुमचा संबंध काय.

जाहीरनामा जिंकला, असं मात्र मी म्हणणार नाही. तो माझ्याच बाजूचा खोटेपणा होईल. डिसेंबर 1927 चा तळ्यावरचा सत्याग्रह कोर्टाच्या मनाई हुकुमामुळे थांबवावा लागला. मग नऊ वर्षांहून जास्त तळ्याचा दावा चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. हे तेच, ज्यांनी 1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षं ठोठावली होती. तळं खुलं झालं, पण कशावर? सवर्णांनी सांगितलेली वहिवाट फार प्राचीन असल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून. वहिवाट वाईट आहे म्हणून नाही. पुरावा जरा जुना निघाला असता तर? मंडपातला जाहीरनामा कोर्टाच्या दारातच राहिला, आणि आत शिरायला त्याला संविधान लागलं.

ठराव वर होतो आणि मार खाली बसतो, ही रीत आमच्याकडेही चांगली मुरली आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या त्याच रात्रीपासून पेटायला लागल्या. त्या हिंसाचारात पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. साडेपंधरा वर्षं. त्या आगी सरकारने लावल्या नव्हत्या. तेव्हाही समोर शेजारीच होता. मला म्हणून वाटतं, महाडचा जाहीरनामा परका असल्याचं सांगणाऱ्यांना खुपतं ते फ्रान्स नाही. फ्रान्सचे परफ्यूम चालतात. खुपतं ते हे, की या जाहीरनाम्यात आरोपीच्या पिंजऱ्यात राजा नाही, आपण आहोत.

मागच्या उन्हाळ्यात भोकरदनकडच्या एका गावात होतो. टँकरची खेप आली. टँकर तिथे घरोघर जात नाही, गावच्या विहिरीत रिकामा करतात आणि बाया दोर टाकून पाणी शेंदतात. विहिरीभोवती गर्दी, पोहऱ्यावर पोहरे आपटतायत, काठ ओला, पाय घसरतायत. कुणी कुणाला अडवत नव्हतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक म्हातारी बाजूला उभी होती. मी विचारलं, मावशी, तुम्ही नाही भरत? ती म्हणाली, भरते की. इहीर समद्यायची हाय. दोर तेवढा त्यायचा हाय.

तिचा हंडा काठापासून हातभर लांब ठेवलेला होता.